अँजिओप्लास्टीनंतर सिगारेट: 'ओढणारेच जास्त वाचतात' हे खरं आहे का?

गोदातीर | मंगळवार, रात्री १०:१४
नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझे धाकटे दीर, वय ४३, सिन्नरला कारखान्यात सुपरवायझर. मागच्या महिन्यात पहाटे छातीत कळ, डावा हात जड, दरदरून घाम. जाऊबाईंनी पित्त-बित्त म्हणत वेळ घालवला नाही, शेजाऱ्याच्या गाडीत घालून थेट नाशिक गाठलं. एलएडी म्हणतात ती मोठी धमनी पूर्ण बंद होती. त्याच सकाळी अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे फुग्याने धमनी उघडली, आणि ती उघडी राहावी म्हणून एक स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसला. बीपी नाही, शुगर नाही. सिगारेट मात्र कॉलेजपासून, रोजचं एक पाकीट.

सुरुवातीला घाबरून बंद केली होती. आता जेवण झालं की "शतपावली करून येतो" म्हणतात आणि येताना तोंडात बडीशेप असते. जाऊबाई रडतात, सासूबाई देवाला बोल लावतात. परवा मी विषय काढला तर भाऊजींनी मलाच मोबाईल दाखवला. भाच्याने पाठवलेला फॉरवर्ड: 'स्मोकर्स पॅराडॉक्स' (ओढणाऱ्यांचा विरोधाभास), हार्ट अटॅकनंतर अँजिओप्लास्टी केलेल्यांत सिगारेट ओढणारे कमी दगावतात, हजारो रुग्णांच्या अभ्यासात सिद्ध. "वहिनी, हे विज्ञान आहे," म्हणाले.

हे खरंच आहे का कुठे? आणि नसेल, तर त्यांना पटेल असं उत्तर काय द्यायचं?

आकडेमोड | मंगळवार, रात्री १०:५२
ताई, फॉरवर्डमागचा आकडा खरा आहे. त्यातून काढलेला अर्थ चुकीचा.

नव्वदच्या दशकात गस्टो-१ नावाची प्रचंड चाचणी झाली. हार्ट अटॅकचे ४१ हजारांवर रुग्ण. त्यात सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३० दिवसांत दगावले साधारण ४ टक्के आणि कधीच न ओढलेल्यांपैकी साधारण १० टक्के. इथेच थांबलं तर कोणीही काडेपेटी शोधायला लागेल. पण पुढचं वाचा. ओढणारे रुग्ण न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा-अकरा वर्षांनी लहान होते. म्हणजे एका रकान्यात पंचावन्नच्या आसपासचे धडधाकट पुरुष आणि दुसऱ्यात पासष्टी उलटलेली, मधुमेह-बीपी असलेली मंडळी. वय आणि बाकीचे आजार हिशेबात धरले की तो फरक बहुतेक विरून जातो.

सिगारेटने त्यांना वाचवलं नाही. तिने त्यांना दहा वर्षं आधी आयसीयूत आणलं, आणि शरीर तरुण होतं म्हणून ते घरी गेले. तुमच्या दिरांचंच बघा, बीपी नाही, शुगर नाही, ४३ वय. मग त्यांना झटका आणला कोणी?

आणखी दोन मेखा आहेत. गस्टोमध्ये गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं तपासली होती, अँजिओप्लास्टी नव्हे. अँजिओप्लास्टीच्या काही अभ्यासांतही असा फरक दिसला, पण तोही बहुतेक वयाचाच खेळ. आणि हा आकडा रुग्णालयापर्यंत जिवंत पोचलेल्यांचा आहे. जे अंथरुणातच गेले किंवा रस्त्यात गेले ते कुठल्याच रकान्यात नाहीत. असं अचानक हृदय बंद पडून जाणाऱ्यांत ओढणाऱ्यांचं प्रमाण जास्त असतं.

बिडीबहाद्दर | मंगळवार, रात्री ११:२०
झालं सुरू प्रवचन. आमचे आजोबा आयुष्यभर बिडी ओढत होते, नव्वदी पार करून गेले, तेही झोपेत. शेजारचे निर्व्यसनी गुरुजी बावन्नाव्या वर्षी गेले. ज्याची वेळ भरली तो जातो.

आकडेमोड | मंगळवार, रात्री ११:३१
आजोबांना नमस्कार. पण त्यांच्या बरोबरीचे जे बिडीवाले पंचेचाळिशीत गेले ते कोणाचे आजोबा झालेच नाहीत. त्यामुळे त्यांचे किस्से सांगायला इथे कोणी नाही.

ब्रिटनमध्ये डॉक्टरांचाच अभ्यास झाला होता, १९५१ पासून २००१ पर्यंत, पन्नास वर्षं. आयुष्यभर ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठीला सोडणाऱ्यांनी त्यातली तीनेक वर्षं परत मिळवली, पन्नाशीला सोडणाऱ्यांनी सहा, चाळिशीला सोडणाऱ्यांनी नऊ. गोदातीर ताई, हा आकडा भाऊजींना दाखवा, त्यांच्या वयाच्या अगदी जवळचा आहे.

कॅथलॅबवाला | बुधवार, सकाळी ७:०५
मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी करतात तिथे, काम करतो. इथे कोणावर उपचार करणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच करायचे. पण आत काय होतं ते सांगतो, कारण या विरोधाभासाचा उगम तिथे आहे.

चाळिशीतल्या ओढणाऱ्या माणसाच्या धमनीत चरबीचा थर बऱ्याचदा फार जाड नसतो. त्या थराला बारीक चीर पडते आणि तिच्यावर भलीमोठी गुठळी जमते. धुराने प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) चिकट झालेल्या असतात, फायब्रिनोजेन हे गुठळी बांधणारं प्रथिन वाढलेलं असतं, धमनीचं आतलं अस्तर दुखावलेलं असतं. साठ टक्के अडथळा असलेली वाहिनी पंधरा मिनिटांत शंभर टक्के बंद. गुठळी ताजी आणि मऊ असल्यामुळे इंजेक्शनने ती विरघळतेही लवकर. म्हणून इंजेक्शनच्या जमान्यात ओढणारे 'छान बरे होतात' असं चित्र दिसलं.

आता स्टेंटचं. फुग्याने धमनी उघडणं १९७७ मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी सुरू केलं, माणसाच्या हृदयात स्टेंट १९८६ मध्ये बसला. तंत्र कितीही सुधारलं तरी दुरुस्ती होते ती दोन-तीन सेंटिमीटरच्या तुकड्याची. बाकीच्या धमन्या, त्यातले थर आणि ते चिकट रक्त तेच राहतं. रुग्ण मात्र टेबलावरून उतरला की त्याच्या मनात 'ब्लॉक काढला' एवढंच असतं. बायपासवाल्यांच्या छातीवर निदान टाके दिसतात. आमच्या रुग्णाच्या मनगटावर सुईएवढी खूण. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो घरी, आठवड्यात मोटारसायकलवर, आणि मोटारसायकल टपरीवर थांबते. ही प्रक्रिया इतकी सोपी वाटते हेच मला कधीकधी तिचं सगळ्यात वाईट वैशिष्ट्य वाटतं.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९७ मध्ये अँजिओप्लास्टी यशस्वी झालेल्या पाच हजारांवर रुग्णांचा पाठपुरावा छापला होता. ओढत राहिलेल्यांत मृत्यू आणि नवे झटके, दोन्ही जास्त. सोडलेल्यांचं बरंच बरं. २००३ मध्ये वीस अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा हृदयरोग झाल्यावर सिगारेट सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी निघाला. आम्ही ज्या महागड्या गोळ्या लिहून देतो त्यातल्या फार थोड्या एकट्याने एवढं करतात.

भाऊजी कोणत्या गोळ्या घेतात आणि रोज घेतात का, ते आधी बघा. ॲस्पिरिनबरोबर प्लेटलेट चिकटू न देणारी दुसरी एक गोळी असेल, ती साधारण वर्षभर. ती चुकवणं आणि वर सिगारेट, यातून स्टेंटमध्येच गुठळी होते, आणि तो झटका पहिल्यापेक्षा घातक असतो.

औषधाची_पुडी | बुधवार, सकाळी ९:४०
भाचा हुशार असेल तर पुढचा फॉरवर्ड क्लोपिडोग्रेलचा पाठवेल, म्हणून आधीच सांगते. मी फार्मासिस्ट.

क्लोपिडोग्रेल ही तशीच प्लेटलेट चिकटू न देणारी गोळी. पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते, यकृतातली एन्झाइमं तिला कामाला लावतात. त्यातलं सीवायपी१ए२ नावाचं एन्झाइम धुरातल्या रसायनांनी वाढतं. म्हणून ओढणाऱ्यांमध्ये ही गोळी काहीशी जास्त चालते, हे तपासलेलं आहे. पण त्यासाठी सिगारेट चालू ठेवायची? टिकॅग्रेलॉर, प्रासुग्रेल अशा गोळ्या आहेत ज्यांचं सिगारेटवर काही अडत नाही. गोळी बदलता येते.

घाटावरचा | बुधवार, दुपारी १:१५
एक प्रामाणिक प्रश्न. माझी अँजिओ झालीय. वीसवरून एकावर आलोय, जेवणानंतरची फक्त. डॉक्टर तरी खूश नाहीत. एकोणीस कमी केल्या त्याचं काही कौतुक?

आकडेमोड | बुधवार, दुपारी १:४८
कौतुक आहे, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दृष्टीने फायदाही आहे. हृदयाचा हिशेब मात्र वेगळा निघाला. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. रोज वीस ओढल्याने हृदयविकाराचा जो जादा धोका येतो, त्याचा जवळपास निम्मा भाग रोज एकानेच येतो. तुम्हाला वाटलं असेल विसावा हिस्सा उरला. उरलाय अर्धा.

कॅथलॅबवाला | बुधवार, दुपारी २:३०
+१. कारण प्लेटलेट चिकट व्हायला आणि धमनी आकसायला थोडासा धूर पुरतो, आणि पुढे डोस वाढवला तरी परिणाम त्याच पटीत वाढत नाही. घाटावरचे, तुम्ही एकोणीस सोडल्यात म्हणजे सोडण्याची रीत तुम्हाला जमलेली आहे. ती शेवटची बहुधा जेवणाची नसून पंगतीनंतरच्या गप्पांची असेल. जेवून लगेच उठा आणि दात घासा. हसू नका, करून बघा.

ग्लासगोकर | बुधवार, सायंकाळी ६:१०
इथली एक गोष्ट सांगतो. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ पासून पब, हॉटेलं, कचेऱ्या सगळीकडे बंद जागेत धूम्रपानाला बंदी आली. नऊ रुग्णालयांत हार्ट अटॅक आणि तत्सम त्रासाने भरती होणाऱ्यांची मोजणी बंदीआधी आणि नंतर झाली. १७ टक्के घट. आणि घटीतला मोठा वाटा न ओढणाऱ्यांचा होता, म्हणजे दुसऱ्याच्या धुरात बसणाऱ्यांचा. गोदातीर ताई, भाऊजी बाहेर ओढतात म्हणून घर वाचलं. पण कारखान्यात चहाच्या सुट्टीत जो घोळका जमतो त्यात नुसतं उभं राहणंसुद्धा स्टेंटवाल्याने टाळावं.

आपल्याकडेही सार्वजनिक जागी बंदी २ ऑक्टोबर २००८ पासून आहे. सुटी सिगारेट विकायला तर महाराष्ट्रात २०२० पासून मनाई आहे. सुट्टीत गावी आलो होतो तेव्हा टपरीवर दोरीला लटकवलेला लायटर जागच्या जागी होता.

सोलापुरी_चादर | बुधवार, रात्री ८:२५
सगळे सिगारेटवरच बोलताय. आमच्याकडे या, सिगारेट ओढणारा शोधावा लागेल आणि तंबाखू मळणारा प्रत्येक ओसरीवर सापडेल. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के आणि बिनधुराची तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के निघाले. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, त्यानंतर मावा घरोघरी पोचला.

माझ्या मामांचा अनुभव. अँजिओप्लास्टी झाली, बिडी सोडली, सगळ्यांनी पाठ थोपटली. खिशात चुन्याची डबी मात्र तशीच. डॉक्टरांनी विचारलं, "स्मोकिंग करता?" मामा म्हणाले, "नाही." खोटं काय बोलले? मामींची मिश्री तर कोणी विचारतसुद्धा नाही.

कॅथलॅबवाला | बुधवार, रात्री ९:१०
हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोका दुपटीहून थोडा जास्त आढळला. बिडीचा जवळपास तिप्पट, म्हणजे बिडी साधी-देशी म्हणून सौम्य नाही. ओढणं आणि चघळणं दोन्ही करणाऱ्यांचा चौपट. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, बाकी जगाच्या पाच-सहा वर्षं आधी.

चघळणाऱ्यात कार्बन मोनॉक्साइड नाही हे खरं. निकोटिन मात्र तासन् तास गालात बसून असतं, नाडी आणि बीपी वर ठेवतं. अटॅकनंतर बीटा ब्लॉकर देऊन आम्ही नाडी खाली आणतो, आणि रुग्ण चिमूट दाबून ती पुन्हा वर नेतो. मी हल्ली "धूम्रपान करता का" असं विचारतच नाही. "तंबाखू, मावा, मिश्री, बिडी, काय चालतं?" असं विचारतो, आणि शक्यतो बायकोसमोर.

गोदातीर | बुधवार, रात्री १०:०२
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आकडेमोड यांचं दहा वर्षांचं वाक्य भाऊजींना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "कळतंय वहिनी, पण सकाळी चहा हातात आला की हात आपोआप खिशाकडे जातो." म्हणजे फॉरवर्ड ही पळवाटच होती. आता खरा प्रश्न: सोडायची कशी? जाऊबाईंनी शपथा घालून झाल्या.

विझलेली_काडी | बुधवार, रात्री ११:१५
शपथा बंद करा आधी. मला लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. मोडली, मग अपराध वाटला, अपराध वाटला म्हणून अजून एक ओढली.

मलाही चाळिशीतच स्टेंट पडला. मला जे उपयोगी पडलं ते लिहितो. चहाची जागा बदलली. टपरीवर अजिबात नाही, घरीही गॅलरीत नाही, स्वयंपाकघरात बायकोशेजारी उभं राहून. कारखान्यात विडी-काडी गटाऐवजी डबेवाल्या गटात बसायला लागलो. तिथल्या गप्पा भयंकर कंटाळवाण्या, पीएफ आणि मुलांच्या ॲडमिशन, पण धूर नाही. तलफ आली की घड्याळ बघायचं. पाच-सात मिनिटांत तिचा जोर ओसरतो, तेवढ्यात काहीतरी करायचं, लवंग चघळा, कोणाला फोन करा. पहिला आठवडा चिडचिड, झोप नाही, पोट साफ नाही. घरच्यांनी तेवढे दिवस तोंडाला तोंड देऊ नये.

आणि वजन वाढतं, चार-पाच किलो. ते धरून चाला, त्यापायी परत पेटवू नका.

औषधाची_पुडी | गुरुवार, सकाळी १०:२०
चहाबद्दल एक. मी वर ज्या एन्झाइमबद्दल लिहिलं तेच कॅफिनही मोडतं. सिगारेट बंद झाली की एन्झाइम मंदावतं आणि तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तात कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकतं. धडधड, अस्वस्थता, झोप उडणं. लोक म्हणतात "सिगारेट सोडल्यामुळे होतंय, परत ओढली की बरं वाटेल." चहा निम्मा करा.

सिगारेट सोडताना तलफ भागवायला मिळते त्या निकोटिन गमबद्दल: लोक ती बबलगमसारखी सपासप चावतात, मग उचकी लागते, पोटात जळजळ होते आणि डबी कपाटात जाते. हळू चावायची, तिखट-मिरमिर चव आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायची. अर्धा तास. चहा-कॉफी किंवा लिंबू सरबत घेतल्यावर लगेच नको, आधी पंधरा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर निकोटिन तोंडातून शोषलंच जात नाही. तंबाखूची गोळी गालात धरायची सवय असणाऱ्यांना हे आमच्यापेक्षा चांगलं जमतं!

बिडीबहाद्दर | गुरुवार, दुपारी १२:०५
एकीकडे निकोटिन वाईट म्हणायचं आणि दुसरीकडे निकोटिनचीच गोळी विकायची. धंदा आहे सगळा.

कॅथलॅबवाला | गुरुवार, दुपारी ३:४०
शंका रास्त आहे. गममध्ये निकोटिन हळूहळू आणि कमी चढतं, धुराबरोबर येणारा कार्बन मोनॉक्साइड आणि प्लेटलेट बिघडवणारी हजारो रसायनं त्यात नाहीत. हृदयरोग्यांवर निकोटिन पट्टीची चाचणी १९९६ मध्येच झाली, झटके वाढले नाहीत. अटॅकनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मात्र डॉक्टरांना विचारूनच. आणि हे काही महिन्यांपुरतं, हळूहळू कमी करत बंद करायचं असतं.

व्हेरेनिक्लिन नावाची गोळीही आहे, चिठ्ठीवरच मिळते. अटॅक येऊन भरती झालेल्यांवर तिची चाचणी २०१६ मध्ये छापली गेली. सहा महिन्यांनी त्या गोळीवाल्या शंभरातले ४७ सिगारेटपासून लांब होते, खोट्या गोळीवाल्यांतले ३२-३३. म्हणजे जादू नाही. औषध घेऊनही निम्मे घसरतात. म्हणून एकदा घसरलं की "आता काय उपयोग" म्हणून सोडून द्यायचं नाही, पुन्हा तारीख ठरवायची.

सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट. सिगारेटच्या पाकिटावरच छापलेली असते, भाऊजींनी रोज बघितली असेल.

गोदातीर | गुरुवार, रात्री ९:३०
आज भाऊजींनी स्वतःच धागा वाचला. बिडीबहाद्दरांचे प्रतिसाद त्यांना सगळ्यात आवडले, हे प्रामाणिकपणे सांगते. पण रविवारपासून बंद असं ठरलंय, गम आणून ठेवलीय, टपरीचा रस्ता टाळून मंदिराच्या बाजूने शतपावली. तपासणीला जाऊ तेव्हा डॉक्टरांना गोळीचं विचारणार आहोत.

त्यांचे दोन प्रश्न. भाचा म्हणतो व्हेप घ्या, ते चालेल का? आणि सिगारेट कमी केल्यापासून उलट बसल्याजागी दम लागल्यासारखं होतं, ते कशाने? टिकॅग्रेलॉर चालू आहे.

कॅथलॅबवाला | गुरुवार, रात्री १०:१५
व्हेप नको. भारतात ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे, म्हणजे जे मिळतं ते चोरटं आणि आत काय आहे ते कोणालाच माहीत नाही. भाच्याला काही दिवस फॉरवर्ड पाठवायची सुट्टी द्या.

दम लागण्याबद्दल: टिकॅग्रेलॉर घेणाऱ्या बऱ्याच जणांना बसल्याजागी मध्येच खोल श्वास घ्यावासा वाटतो, गोळीचा तो माहीत असलेला परिणाम आहे. पण अटॅकनंतर हृदयाची ताकद कमी झाल्यानेही दम लागतो, आणि कुठलं कारण आहे हे इथे बसून ठरत नाही. तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, उद्याच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. इको (हृदयाची सोनोग्राफी) करून बघतील, गरज वाटली तर गोळी बदलून देतील. आपल्या मनाने एकही डोस बंद करायचा नाही. आडवं झाल्यावर दम वाढला, पाय सुजले किंवा छातीत दुखलं तर फोनही नको, सरळ १०८ बोलवा.

घाटावरचा | गुरुवार, रात्री १०:४१
दात घासले. आज नाही ओढली. उद्याचं उद्या.